एक दिवस कमी हजेरी

माझा मावसभाऊ बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. इथून गेला तेव्हा क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाला तो खेळच मानत नव्हता. आता पोरापायी बेसबॉलचा नाद लागलाय, आणि मार्च उजाडला की त्यांच्या घरात दुसरा विषय नसतो. कोण फॉर्मात आहे, कोणाचा खांदा दुखावलाय, यंदा कोणतं नवं पोरगं संघात येणार. मागे एकदा व्हिडिओ कॉलवर त्याच्या अकरा वर्षांच्या मुलाने मला विचारलं, "काका, जो सगळ्यात भारी खेळतोय त्यालाच टीमने खाली का पाठवलं?"

मी त्याच्या बॅटिंगमधली काहीतरी खोट काढून दाखवेन, असं त्याला वाटलं असावं. पण खोट बॅटिंगमध्ये नव्हतीच. उत्तर हजेरीपटात होतं, आणि ते कळायला बेसबॉलपेक्षा भोसरी-चाकणकडच्या कारखान्यांची ओळख जास्त कामाला येते.

मार्चमध्ये नक्की चालतं काय?

मेजर लीग बेसबॉल ही अमेरिकेतली सगळ्यात वरची स्पर्धा. ३० संघ (त्यातला एक कॅनडातल्या टोरांटोचा), प्रत्येकाचे १६२ सामने, मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळपास रोज एक. त्याआधी फेब्रुवारीच्या मध्यापासून सगळे संघ उबदार हवेत तळ ठोकतात. १५ फ्लोरिडात, १५ ॲरिझोनात. याला स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात. सराव सामने होतात, तिकिटंही खपतात, पण निकालाला काडीची किंमत नसते. लोक जातात ते पाठीवर सत्तर-ऐंशीच्या घरातले नंबर घातलेली पोरं बघायला. चांगले नंबर आधीच वाटून झालेले असतात. उरलेला नंबर पाठीवर आला की समजायचं, हा अजून पाहुणा आहे.

मुख्य संघात जागा फक्त २६. क्लबशी करार असलेले खेळाडू मात्र दीडशेच्या वर. बाकीचे मायनर लीगमध्ये खेळतात. तिच्या चार पायऱ्या: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि सगळ्यात वर ट्रिपल-ए. प्रत्येक क्लबचा प्रत्येक पायरीवर एक संघ, म्हणजे एकूण १२०. मुंबई इंडियन्सच्या हाताखाली चार रणजी संघ असते आणि सकाळी फोन करून कोणालाही वानखेडेवर बोलावता किंवा परत धाडता आलं असतं, तर जसं चाललं असतं तसंच हे.

होतकरू कोणाला म्हणायचं?

खालून वर येणाऱ्या, ज्याच्यावर क्लबची मदार आहे अशा तरुण खेळाडूला 'प्रॉस्पेक्ट' म्हणतात. आपल्याकडे त्याला अगदी चपखल शब्द आहे, होतकरू. पुढे तोच वापरतो.

होतकरूंना मार्क द्यायची पद्धत मजेशीर आहे. फटका लागण्याचं प्रमाण, फटक्यातली ताकद, धावण्याचा वेग, हाताचा जोर आणि क्षेत्ररक्षण अशा पाच गुणांना २० ते ८० मध्ये मार्क मिळतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला मध्यम खेळाडू, ८० म्हणजे पिढीत एखादाच. शंभरापैकी का नाही, ते विचारू नका. आपला रुपया सोळा आण्यांचा होता तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं.

हे मार्क आणि आदल्या वर्षीची कामगिरी बघून दर हिवाळ्यात शंभर होतकरूंच्या याद्या निघतात. चाहते त्या दहावीच्या गुणवत्ता यादीसारख्या वाचतात आणि आपल्या क्लबचं पोरगं चाळिसाव्या नंबरवर का, यावर वाद घालतात. ही यादी लक्षात ठेवा, पुढे तिला कायदेशीर वजन आलं आहे.

हजेरी भरली, पण पूर्ण नाही भरली

आमच्या शेजारचे एक काका भोसरीच्या एका कारखान्यात कंत्राटावर होते. साडेसात महिने होत आले की सुपरवायझर सांगायचा, "उद्यापासून ब्रेक." मशिन चालू, ऑर्डर चालू, त्यांच्या जागी दुसरा उभा. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा बोलावणं यायचं. नवं कार्ड, नवा नंबर, हजेरी पुन्हा एकपासून. काकूंनी ती जुनी कार्डं रबर लावून डब्यात ठेवली होती. सात कार्डं होती, आणि एकावरही आठ महिने पुरे नव्हते.

यामागचं कारण एमआयडीसीत सगळ्यांना ठाऊक आहे. वर्षात २४० दिवस भरले की कायदा ती सलग सेवा धरतो, आणि मग माणसाला काढायचं तर नोटीस आली, भरपाई आली. म्हणून २४० व्या दिवसाच्या अलीकडेच गेट बंद.

बेसबॉलमध्ये हा आकडा १७२ आहे. सीझन साधारण १८५ दिवसांचा असतो. सुट्टीचे दिवसही त्यात धरतात. त्यातले १७२ दिवस खेळाडू मुख्य संघाच्या यादीत असला की त्याचं एक वर्ष भरलं. मैदानात उतरला की बाकावर बसून राहिला, याने फरक पडत नाही. मुख्य संघात असताना दुखापत होऊन पडला तरी हजेरी लागते. याला ते सर्व्हिस टाइम म्हणतात, आपण हजेरीच म्हणू. अशी सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. त्याला हव्या त्या क्लबकडे, हव्या त्या भावात जाता येतं. तोवर मालकी पहिल्या क्लबची.

मेख आता बघा. क्लबने होतकरूला पहिल्या वर्षी दोन-अडीच आठवडे खाली ट्रिपल-एमध्ये ठेवलं, तर त्या सीझनची हजेरी १७२ च्या आत राहते. वर्ष भरत नाही. सहा सीझन संपतात तेव्हा त्याच्या नावावर पाच वर्षं आणि वर काही दिवस असतात, म्हणून सातवा सीझनही तो त्याच क्लबचा. बावीस वर्षांच्या नवशिक्याचे एप्रिलमधले दोन आठवडे द्यायचे आणि अठ्ठावीस वर्षांच्या तयार खेळाडूचं अख्खं वर्ष घ्यायचं. असा व्यवहार समोर आला तर कुठला दुकानदार नाही म्हणेल?

तारखेवरून भाव ठरणं आपल्यालाही नवं नाही. मयंक यादवने भारताकडून पहिला सामना ६ ऑक्टोबर २०२४ ला खेळला. आयपीएलच्या संघांना कोणाला ठेवायचं ती यादी महिनाअखेर द्यायची होती. भारताची टोपी मिळाली नसती तर लखनौला तो चार कोटींत ठेवता आला असता. टोपी मिळाली, अकरा कोटी मोजले. वेगवान चेंडू तोच होता, फरक पडला तो महिन्याच्या आत आलेल्या एका सामन्याने.

पगाराच्या तीन पायऱ्या

सहा वर्षांतली पहिली तीन म्हणजे उमेदवारी. पगार क्लब ठरवतो, आणि तो बहुतेक वेळा किमान पगाराच्या आसपास असतो. २०१५ मध्ये हा किमान पगार ५ लाख ७ हजार ५०० डॉलर होता, २०२६ साठी ७ लाख ८० हजार आहे.

पुढची तीन वर्षं लवादाची. खेळाडू आपला आकडा देतो, क्लब आपला. तीन जणांचं लवाद मंडळ दोन्ही बाजू ऐकून या दोनपैकी एक आकडा उचलतं. मधला नाही. मंडईत आपण शंभर ऐकून साठ म्हणतो आणि ऐंशीवर येतो, तसं इथे चालत नाही. अवाच्या सवा आकडा सांगणाऱ्याचाच तोटा, त्यामुळे दोघंही जमिनीवर राहतात आणि बहुतेक प्रकरणं सुनावणीआधीच मिटतात. दोन वर्षं भरून तिसऱ्याच्या तोंडाशी आलेल्यांतल्या वरच्या २२ टक्क्यांना एक वर्ष आधीच लवाद मिळतो. हे पोटकलम पुढे कामाला येणार आहे.

तिसरी पायरी खुला बाजार. तिथे वय हाच सगळ्यात मोठा मुद्दा. हुआन सोटो एकोणिसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये आला, म्हणून सव्विसाव्या वर्षी मोकळा झाला. डिसेंबर २०२४ मध्ये न्यू यॉर्क मेट्सने त्याला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर दिले. तोच खेळ घेऊन तिशीत बाजारात उतरणाऱ्याला पंधरा वर्षांचा करार कोण देईल? म्हणून मोकळं व्हायला एक वर्ष उशीर होणं म्हणजे नुसता एक वर्षाचा पगार बुडणं नव्हे.

क्रिस ब्रायंटचे बारा दिवस

आता ज्या प्रकरणाने हे सगळं चव्हाट्यावर आलं, ते.

शिकागो कब्स हा क्लब १९०८ नंतर एकदाही वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम लढत, जिंकला नव्हता. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर क्रिस ब्रायंटला घेतलं. २०१४ मध्ये डबल-ए आणि ट्रिपल-ए मिळून त्याने ४३ होमरन मारले. होमरन म्हणजे आपला षटकार समजा, पण षटकारापेक्षा कितीतरी दुर्मिळ. २०१५ च्या मार्चमध्ये तो ॲरिझोनात आला आणि ४० वेळा बॅटिंग करून १७ फटके यशस्वी केले, त्यातले ९ होमरन. त्या मार्चमध्ये ३० संघांत मिळून एवढे होमरन दुसऱ्या कोणाचेच नव्हते.

कब्सने त्याला आयोवाला, ट्रिपल-एमध्ये पाठवलं. थर्ड बेस या जागेवरची त्याची फिल्डिंग अजून पक्की व्हायला हवी, असं सांगितलं.

त्या वर्षी सीझन ५ एप्रिलला सुरू झाला आणि ४ ऑक्टोबरला संपला. बोटांवर मोजून बघा, १८३ दिवस. ब्रायंटला वर बोलावलं १७ एप्रिलला. तिथून ४ ऑक्टोबरपर्यंत १७१ दिवस होतात. हवे होते १७२. १६ एप्रिलला बोलावलं असतं तर वर्ष भरलं असतं. ज्या दिवशी वर्ष भरण्याची भीती संपली, नेमक्या त्याच दिवशी त्याची फिल्डिंग पक्की झाली! मधल्या काळात थर्ड बेसवरचा दुसरा खेळाडू जखमी झाला होता, तेही कारण क्लबकडे होतं. पण तारीख बघितल्यावर हसू येतं ते येतंच.

पहिल्या दिवशी रिग्ली फील्डवर तो चारदा बॅटिंगला आला, त्यात तीनदा बाद झाला तो चेंडूला बॅट न लावताच. चौथ्यांदाही हाती काही लागलं नाही. सीझनअखेर मात्र नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम नवोदित ठरला. २०१६ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि त्याच वर्षी कब्सने १०८ वर्षांचा वनवास संपवला.

खेळाडूंच्या संघटनेने त्याच्या वतीने तक्रार गुदरली होती. निकाल लागायला २०२० उजाडलं, आणि तो क्लबच्या बाजूने लागला. कारण सरळ आहे. क्लबने हे हजेरी कापण्यासाठीच केलं, हे सिद्ध कसं करणार? खेळाडू अजून तयार आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार क्लबचा. मनातला हेतू कागदावर कोण लिहून ठेवतं?

पण कधी कधी तोंडातून निघून जातं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सिॲटल मरिनर्सचे अध्यक्ष केव्हिन मॅदर एका रोटरी क्लबच्या ऑनलाइन सभेत बोलत होते. होतकरू पोरांना वर का आणलं नाही, हजेरीचं घड्याळ का सुरू होऊ दिलं नाही, हे त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकलं. एका पोराने लांब मुदतीचा करार नाकारला आणि तो आता एप्रिलमध्ये खाली सुरुवात करेल, हेही सांगितलं. व्हिडिओ बाहेर आला आणि मॅदर यांना राजीनामा द्यावा लागला. बाकीचे क्लब यातून काय शिकले, तर रोटरीच्या सभेत कमी बोलायचं.

पण पोरगा खरंच कच्चा असेल तर?

असतोच की कधी कधी. मॅदर ज्या पोराबद्दल बोलले तो जॅरेड केलनिक. मे २०२१ मध्ये तो वर आला आणि त्या सीझनला त्याची सरासरी निघाली .१८१, म्हणजे शंभर प्रयत्नांत अठरा यशस्वी. मेजर लीगमध्ये पंचविसाच्या आसपास असला की माणूस निभावतो, तीस म्हणजे उत्तम. अठरा म्हणजे चक्क नापास. क्लबचा हेतू हजेरीचा असेलही, पण पोरगं खरंच तयार नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि म्हणूनच हा वाद कधी मिटत नाही.

माझं मत विचाराल तर सराव सामन्यांवरून कोणालाच जोखू नये. समोरचा पिचर, म्हणजे गोलंदाज, त्या दिवशी नव्या प्रकारचा चेंडू घोटवत असतो, त्याला विकेटची घाई नसते. ब्रायंटचे ९ होमरनही मी अर्ध्या भावानेच धरले असते. पण वर्षभर आधीचे ४३? ते तर नियमित सामन्यांतले होते.

क्लबने वाढवलं, मग फळ त्यानेच खाऊ नये का?

हा आक्षेप जोरकस आहे. चार पायऱ्यांचे संघ, प्रशिक्षक, डॉक्टर, बसप्रवास, सगळा खर्च क्लबचा. शंभरातली बरीच पोरं वाया जातात, तो तोटाही क्लबचाच. एखादं आंब्याचं झाड मोहरलं की लगेच शेजाऱ्याने भाव लावायचा?

म्हणून तर सहा वर्षं आहेत. ती कुठून आली ते बघण्यासारखं आहे. १९७५ पर्यंत खेळाडू कधीच मोकळा होत नव्हता. करारात एक कलम असायचं, की क्लबला करार एक वर्षाने वाढवता येईल. वाढवलेल्या करारातही तेच कलम. म्हणजे तहहयात वेठ. १९६९ मध्ये सेंट लुईसने कर्ट फ्लड या आपल्या खेळाडूला परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो म्हणाला, जात नाही, आणि कोर्टात गेला. १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ३ ने हरला, आणि त्याची कारकीर्दही त्यात संपली. पण डिसेंबर १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या प्रकरणात लवाद पीटर साइट्झ यांनी सांगितलं, एक वर्ष म्हणजे एकच वर्ष, कायमचं नव्हे.

मालकांची पाचावर धारण बसली. ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांनी मात्र वेगळाच तोडगा काढला: सगळ्यांनाच दरवर्षी मोकळं करून टाका. बाकीच्या मालकांनी त्यांना वेड्यात काढलं. खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांना भीती होती ती नेमकी याचीच. सगळ्यांचा कांदा एकाच दिवशी लासलगावात उतरला तर भावाचं काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. दरवर्षी थोडाच माल बाजारात यावा, हे संघटनेच्याही सोयीचं होतं. १९७६ च्या करारात सहा वर्षांचा नियम आला तो असा, दोन्ही बाजूंच्या सोयीने.

म्हणजे सहा वर्षं हा ठरलेला सौदा आहे. क्लबने कष्टाचं फळ सहा वर्षं खावं, त्यावर कोणाचं काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती हजेरीपट वाकवून काढलेल्या सातव्या वर्षाची.

लखपती-करोडपतींचं रडगाणं आपण का ऐकायचं?

माझ्या बायकोने हाच प्रश्न विचारला होता. आठ लाख डॉलर मिळणाऱ्याची तुलना मी भोसरीच्या काकांशी करतोय, हे तिला पटलं नाही. तिचं चूक नाही. पण तो पगार फक्त वरच्या २६ जणांना. खाली ट्रिपल-एमध्ये २०२२ पर्यंत वर्षाला किमान १७,५०० डॉलर मिळायचे, अमेरिकेत एवढ्यात एकट्याचं घरभाडं निघणंही कठीण. मायनर लीगच्या खेळाडूंनी संघटना बांधली आणि २०२३ मध्ये पहिला करार झाला, तेव्हा ते ३५,८०० झाले. वर गेलेल्यांतलेही अनेक जण पहिल्या तीन वर्षांतच गळतात. त्यांना लवाद दिसत नाही, खुला बाजार तर दूरच.

या खालच्या जगाची ओळख दोन भारतीयांनाही आहे. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल २००८ मध्ये एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. (हा रिंकू म्हणजे केकेआरवाला नव्हे.) दिनेश दोन वर्षांत परतला. रिंकू सिंगल-एपर्यंत चढला. त्यावर तीन पायऱ्या आणि मग मेजर लीग. तिथवर दोघंही पोहोचले नाहीत.

मग नियम बदलला की नाही?

डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ असे ९९ दिवस मालकांनी टाळं लावलं होतं. ते उघडताना झालेल्या करारात दोन गोष्टी आल्या. दोन्ही लीगमध्ये सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिला-दुसरा आलेल्या होतकरूला पूर्ण वर्षाची हजेरी मिळणार, मग क्लबने कितीही उशिरा आणलेला असो. ही काठी. आणि यादीतल्या होतकरूला सुरुवातीपासून वर ठेवलं आणि तो नवोदितांत पहिला आला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये एक निवड जादा. हे गाजर. शंभरांच्या याद्यांना कायदेशीर वजन आलं ते इथे.

गाजर चाललं. २०२२ मध्ये सिॲटलने, होय, त्याच सिॲटलने, हुलिओ रॉड्रिगेझला पहिल्या दिवसापासून खेळवलं. तो सर्वोत्तम नवोदित ठरला आणि क्लबला जादा निवड मिळाली. काठीही चालली. पिट्सबर्गने पॉल स्कीन्सला २०२४ मध्ये ११ मेपर्यंत खाली ठेवलं. तो आला, सर्वोत्तम नवोदित झाला आणि पूर्ण वर्षाची हजेरी घेऊन गेला. क्लबला ना सातवं वर्ष मिळालं, ना जादा निवड.

पण हा उपाय गुणवत्ता यादीतल्या पोरांपुरता आहे. एकशेचाळिसाव्या नंबरच्या होतकरूला कोण मतदानात धरतं? त्याचे पंधरा दिवस आजही तसेच कापता येतात. हा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, आणि पुढच्या करारात हजेरीपेक्षा मोठी भांडणं आहेत. एकूण पगाराला कमाल मर्यादा घालावी असं बऱ्याच मालकांच्या मनात आहे, संघटना ते ऐकूनही घेत नाही.

खेळाडूच आधी सही का करत नाहीत?

करतात. डिसेंबर २०२३ मध्ये मिलवॉकीने जॅक्सन चौरिओला मेजर लीगचा एकही सामना न खेळता ८ वर्षांचे ८ कोटी २० लाख डॉलर देऊ केले. एकोणीस वर्षांच्या पोराने सही केली. आता त्याची हजेरी कापून क्लबला फायदा नाही, म्हणून तो पहिल्या दिवसापासून संघात.

यात कोण फसतं, ते आधी सांगता येत नाही. रोनाल्ड अकुन्याने २०१९ मध्ये अटलांटाशी ८ वर्षांचे १० कोटी ठरवले. २०२३ मध्ये त्याने ४१ होमरन मारले, ७३ बेस चोरले (म्हणजे फटक्याची वाट न बघता पळून पुढचा टप्पा गाठला), लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, आणि त्या वर्षीचा पगार १ कोटी ७० लाख. बाजारात दुपटीहून जास्त मिळाले असते. उलट २०१४ मध्ये ह्यूस्टनच्या जॉन सिंगलटनने पहिल्या सामन्याआधी ५ वर्षांचे १ कोटी घेतले, तेव्हा पोरगं स्वस्तात गेलं म्हणून लोक हळहळले. त्या सीझनची त्याची सरासरी .१६८. ती सही त्याने केली नसती तर?

ब्रायंटचं पुढे काय झालं?

दोन वर्षं १७१ दिवसांवर तो त्या वरच्या २२ टक्क्यांत बसला, म्हणून लवाद त्याला वेळेआधी मिळाला आणि तीनऐवजी चार वेळा मिळाला. २०१८ मध्ये १ कोटी ८ लाख ५० हजार, पुढे १ कोटी २९ लाख, मग १ कोटी ८६ लाख, आणि त्या हजेरीतून काढलेल्या सातव्या वर्षी, २०२१ मध्ये, १ कोटी ९५ लाख. म्हणजे क्लबला ते वर्ष फुकट पडलं नाही.

गंमत म्हणजे तो एक दिवस भरला असता तर तो २०२० च्या शेवटी मोकळा झाला असता. २०२० ला कोविडमुळे ६० सामन्यांचाच सीझन झाला, क्लबांच्या तिजोऱ्या रिकाम्या होत्या आणि ब्रायंटची सरासरी होती .२०६. त्याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. प्रत्यक्षात तो एक वर्षाने बाजारात आला आणि मार्च २०२२ मध्ये कोलोरॅडोकडून ७ वर्षांचे १८ कोटी २० लाख घेतले. कापलेला दिवस त्याच्या पथ्यावर पडला, असं मला वाटतं. अर्थात कब्सने त्याचं भलं व्हावं म्हणून तो कापला नव्हता.

आणि एवढ्या खटाटोपाने मिळवलेल्या सातव्या वर्षाचं कब्सने काय केलं? चार महिने वापरलं. जुलै २०२१ च्या अखेरीस ब्रायंटला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं आणि बदल्यात दोन होतकरू घेतले.

हे सगळं मी पुतण्याला दोन-तीन कॉलमध्ये मिळून सांगितलं. त्याला १६ एप्रिलचा भाग सगळ्यात लागला. "दॅट्स सो मीन," असं म्हणून तो बराच वेळ गप्प बसला. पुढच्या मार्चमध्ये त्याचा स्वतःहून फोन आला. त्यांच्या मेट्सचं एक होतकरू पोरगं सराव सामन्यांत तुफान खेळत होतं. कॅलेंडर समोर ठेवूनच बसला असावा, कारण मागून बापाची बडबड आणि पानं उलटल्याचा आवाज येत होता.

"काका," तो म्हणाला, "त्याला आपण चौदा एप्रिलनंतर आणलं तर चालेल ना?"